सूज बाराव्या वर्षी, घडण पोटात असतानाची

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. दीड वर्षापासून डाव्या पायाला घोट्याच्या खाली सूज आहे. आधी सकाळपर्यंत उतरायची, आता पूर्ण उतरत नाही. दुखत नाही, ताप नाही. हत्तीरोग समजून गोळ्यांचे दोन कोर्स झाले, मग पाण्याच्या गोळ्या झाल्या. आता एका डॉक्टरांनी 'प्रायमरी लिम्फेडीमा', म्हणजे लसिकावाहिन्यांच्या जन्मजात उणिवेने येणारी सूज, असं निदान लिहून घट्ट स्टॉकिंग घालायला सांगितलंय. थोरला मुलगा टी. वाय. बी.एस्सी.ला आहे. उंदरांवरचे आणि माशांवरचे शोधनिबंध वाचून तो म्हणतो की यावर औषध निघालंय, जनुकांची तपासणी करून घेऊ. आणि सासूबाई विचारतात, "पोटुशी असताना काय खाल्लं होतंस?"

ताई, मी ठाण्यात पंचवीस वर्षांहून जास्त काळ रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करते आहे. पाय न बघता निदान करणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांचं निदान बरोबर आहे असं धरून बोलते, आणि सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात पक्कं आहे. तुम्ही काही खाल्ल्याने हे झालेलं नाही. लसिकावाहिन्या म्हणजे ऊतींत पाझरलेलं पाणी, म्हणजेच लसिका, परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या. त्यांची पहिली कोंबं गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्यात फुटतात. त्या वेळी पुष्कळ बायकांना पाळी नुसती लांबली आहे की दिवस गेलेत, हेही नक्की ठाऊक नसतं. त्या कोंबांचा आराखडा जनुकांच्या हुकमावर चालतो, पपईवर नाही.

आता मुलासाठी थोडं खोलात. रक्त धमनीतून येतं, शिरेतून परत जातं, हे शाळेत शिकवतात. पण केशवाहिन्यांच्या भिंतीतून दिवसाला सुमारे ८ लिटर पाणी, प्रथिनांसकट, बाहेर पाझरतं. अंगातला सगळा प्लाझ्मा जेमतेम ३ लिटर, म्हणजे हा पाझर त्याच्या अडीच पटीहून जास्त. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असे की यातलं बहुतेक पाणी केशवाहिनीच्या शिरेकडच्या टोकाला परत आत ओढलं जातं आणि उरलंसुरलं लसिकावाहिन्या नेतात. आम्हीही तेच घोकलं. गेल्या वीसेक वर्षांत ते चित्र बदललं. बहुतेक ऊतींमध्ये तसं परत ओढणं फार काळ टिकत नाही, आणि जवळजवळ सगळा भार लसिकावाहिन्यांवरच असतो. त्या उरलंसुरलं गोळा करणाऱ्या नाहीतच, मुख्य नाला त्याच आहेत. पाण्याची गोळी इथे का चालत नाही, हेही त्यातूनच कळतं. ती लघवीवाटे पाणी आणि मीठ काढते, पण पायात अडकलेलं प्रथिन तिथेच राहतं आणि पुन्हा पाणी खेचून घेतं. लिम्फेडीमाला महिनोन्महिने पाण्याच्या गोळ्या दिलेले पेशंट माझ्याकडे दर आठवड्याला येतात. कुठल्या दवाखान्याचं नाव घेत नाही, पण राग येतो खरा.

या नळ्या येतात कुठून, यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठं भांडण झालं. अमेरिकेतल्या फ्लॉरेन्स सेबिन या संशोधिकेने डुकराच्या गर्भात शाई टोचून १९०२ साली मांडलं की लसिकावाहिन्या शिरांमधूनच फुटतात. दुसरी बाजू म्हणे, नाही, त्या आजूबाजूच्या ऊतीतून स्वतंत्रपणे तयार होऊन नंतर शिरांना जोडल्या जातात. नुसती शाई टोचून हा वाद मिटणारा नव्हता. जवळपास शंभर वर्षांनी, १९९९ मध्ये, प्रॉक्स-१ नावाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले आणि त्यांच्यात लसिकावाहिन्या बनल्याच नाहीत. गर्भातल्या मोठ्या शिरेच्या भिंतीतल्या काही पेशींमध्ये हे जनुक चालू होतं, त्या पेशी शिरेशी फारकत घेतात, आणि व्हीईजीएफ-सी या प्रथिनाच्या हाकेला ओ देत बाहेर सरकतात. ती हाक ऐकणारा कान म्हणजे त्यांच्यावरचा व्हीईजीएफआर-३ हा ग्राहक (रिसेप्टर). सेबिनबाई बऱ्याच अंशी बरोबर ठरल्या. बऱ्याच अंशी म्हणते, कारण पुढे हृदय आणि आतड्याच्या पडद्यातल्या काही लसिकावाहिन्यांचा उगम शिरेबाहेरचाही निघाला. म्हणजे हरलेल्यांचंही थोडं खरं होतं.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग वेगळाच आहे. मोठ्या झालेल्या उंदरात हे प्रॉक्स-१ बंद केलं, तर लसिकावाहिनीची पेशी आपली ओळख विसरते आणि पुन्हा रक्तवाहिनीसारखी वागायला लागते. एकदा ठरलं की कायमचं ठरलं, असं इथे नाही. तू कोण आहेस, हे त्या पेशीला जन्मभर सांगत राहावं लागतं.

माशाचं म्हणाल तर तो आपल्याकडचाच. झेब्राफिशचं वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये केलं, कोसी नदीतल्या माशांवरून. त्याचं अंडं पारदर्शक असतं आणि साधारण एका दिवसात आतलं हृदय धडधडायला लागतं. वाहिनी फुटताना जिवंतपणी, सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. २००९ मध्ये एका प्रयोगशाळेला असा मासा मिळाला ज्यात लसिकावाहिन्या तयार होत नव्हत्या आणि तो पाण्याने फुगत होता. नावही त्याचं 'फुल ऑफ फ्लुइड' असंच ठेवलं. दोष सीसीबीई-१ नावाच्या जनुकात निघाला. त्याच वर्षी हेनेकॅम सिंड्रोम असलेल्या, अंगभर सूज आणि आतड्यातून प्रथिनं गळणाऱ्या मुलांमध्ये तेच जनुक बिघडलेलं सापडलं. मासा आणि मूल एकाच वर्षी एकाच ठिकाणी येऊन भेटले. तुमचा मुलगा जे वाचतोय ते अगदीच हवेतलं नाही, हे सांगायला एवढं पुरे.

पण नळी फुटली म्हणजे काम झालं असं नाही, आत झडपा लागतात. नवी मुंबईकरांना हे वेगळं समजावायला नको. वाशी-बेलापूरकडचा बराच भाग भरतीच्या पातळीहून खाली आहे, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले आणि खाडीच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी दारं बसवली. भरतीला खाडीचं पाणी दार लोटून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी दार लोटून बाहेर जातं. लसिकावाहिनी अगदी अशीच चालते, फक्त ती स्वतः आकुंचनही पावते. दोन झडपांमधला तुकडा दाबला जातो आणि लसिका एक पायरी वर चढते. घोट्यापासून मानेजवळच्या शिरेपर्यंत हे चालू राहतं. दार मोडलं, तर पाऊस नसतानाही पाणी मागे येतं. तलाव गाळाने भरला, तर दार शाबूत असूनही वस्तीत पाणी तुंबतं. पायातही हे दोन वेगवेगळे बिघाड असतात. काहींमध्ये नळ्याच कमी किंवा बारीक असतात, काहींमध्ये नळ्या भरपूर आणि रुंद, पण झडपा निकामी. वरून सूज सारखीच दिसते.

घडण पोटातच कमी पडली, तर सूज बाराव्या वर्षी का आली, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. कारण कमी नळ्यांवरही बरीच वर्षं भागतं. लहानपणी पाझर कमी, नाले पुरेसे. वयात येताना अंग वाढतं, हार्मोन्स बदलतात, पायावरचा भार वाढतो. पाय मुरगळण्यासारखं निमित्त पुरतं. उघड्यावर आलेली सूज दीड वर्षाची असली तरी उणीव १३ वर्षांपूर्वीची असू शकते. या वयात, मुलींमध्ये, एका पायाला सुरू होणारा लिम्फेडीमा आम्ही बऱ्यापैकी बघतो.

तरीही डावा पाय म्हटलं की मी एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जात नाही. पोटात, कमरेच्या मणक्यासमोर, उजव्या पायाची धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून आडवी जाते आणि काहींमध्ये ती शीर दाबते. तीही सूज डाव्याच पायाला, आणि बहुधा तरुण मुलींना-बायकांना. त्याचा इलाज पूर्णपणे वेगळा. तेव्हा पायाचा आणि पोटातल्या शिरांचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, झालेला नसेल तर आधी तो करा. लसिकेसाठी लिम्फोसिंटिग्राफी असते. पायाच्या बोटांच्या मध्ये किरणोत्सारी द्रव्याचा कण टोचून तो मांडीच्या सांध्यापर्यंत किती वेळात पोचतो, हे कॅमेऱ्यावर बघतात. आणि घरी तुम्ही स्वतः करू शकाल अशी एक खूण: अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरून बघा. उजव्या पायाला चिमूट येते आणि डाव्याला येत नाही, तर लिम्फेडीमाचा संशय बळावतो. चिमूट आली म्हणून मात्र तो नाही, असं समजू नका.

हत्तीरोगाबद्दल. आपल्याकडे सुजलेला पाय दिसला की आधी तोच आठवतो, आणि ते अगदी चुकीचंही नाही. विदर्भात अजूनही गोळ्यावाटपाच्या मोहिमा होतात. पूर्वी रात्री उशिरा रक्त घ्यावं लागे, कारण जंतांची पिल्लं तेव्हाच रक्तात उतरतात. आता प्रतिजन तपासणी, म्हणजे जंतांनी रक्तात सोडलेल्या प्रथिनांची तपासणी, दिवसाही होते. मात्र जुन्या सुजेत जंत मेलेले असतात आणि तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे कागदाइतकाच इतिहासही बघावा लागतो. वारंवार ताप, जांघेत अवधाण येणं, लाल होऊन दुखणारी रेघ, यांपैकी काही झालंय का. तुम्ही लिहिलंय, काहीच नाही.

यात मी स्वतः चुकलेली आहे, म्हणून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे आली, दोन्ही पाय सुजलेले. मी हत्तीरोग धरून गोळ्या दिल्या. काही फरक नाही. दोन वर्षांनी ती वडिलांबरोबर पुन्हा आली, आणि त्या दिवशी दोघंही डोळे चोळत होते. नेत्रतज्ज्ञ मैत्रिणीकडे पाठवलं. तिने पापणी उलटी करून दाखवली: केसांची एक जादा रांग, बुबुळाला घासणारी, बापालाही आणि लेकीलाही. वडिलांच्या पायावर तरुणपणापासून फुगलेल्या शिरा होत्या, त्या मी आधीच बघितल्या होत्या आणि काही मनावर घेतल्या नव्हत्या. फॉक्ससी-२ नावाच्या जनुकातल्या दोषाने हे होतं. ते जनुक २००० साली सापडलं. लसिकावाहिन्यांच्या आणि शिरांच्या, दोन्हींच्या झडपा तयार करण्यात त्याचा हात असतो. हे तेव्हाही पुस्तकात होतं. मी पापण्या बघितल्या नव्हत्या, एवढंच. तेव्हापासून सुजलेल्या पायाचं प्रत्येक मूल आधी डोळे दाखवतं आणि आया चक्रावतात, पाय सुजलाय तर डॉक्टरीणबाई डोळे काय बघतात म्हणून.

यावरून जनुकीय तपासणीवर येते. माझं मत: करायची तर डोळे उघडे ठेवून करा, आणि आधी जनुकशास्त्राच्या तज्ज्ञाशी बोला. जन्मापासून दोन्ही पाय सुजलेले, घरात आणखी कुणाला तसंच, असं असतं तेव्हा जनुक सापडण्याची शक्यता चांगली. जन्मतःच पाय सुजवणाऱ्या मिल्रॉय रोगात तो व्हीईजीएफआर-३ चा कानच बधिर असतो. एकाच पायाला, उशिरा आलेल्या सुजेत तपासणी बहुधा रिकाम्या हाताने परत येते. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही, असा अर्थ काढू नका. काही बदल गर्भात नंतर, शरीराच्या एकाच भागातल्या पेशींत होतात. ते रक्तात सापडत नाहीत, त्या भागातल्या ऊतीचा तुकडा तपासावा लागतो.

मग मी तपासणी आग्रहाने कधी सांगते? अंगावर खूप चामखीळ, ऐकायला कमी, किंवा साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी, विशेषतः मोनोसाइट, सतत कमी, यांपैकी काही सुजेच्या जोडीला असेल तर. गाटा-२ या जनुकाच्या दोषात सूज हा लहान भाग असतो आणि रक्ताच्या कर्करोगाचा धोका मोठा. तिथे तपासणीने जीव वाचू शकतो. मुलीचा सीबीसी, म्हणजे ती साधी रक्ततपासणी, झाला असेलच, तो एकदा या नजरेने कुणाला तरी दाखवा. तेवढ्या एका कागदासाठी हे सगळं उत्तर लिहिलं असं समजलात तरी चालेल.

आता औषध. मुलाने बहुधा अल्पेलिसिबबद्दल वाचलंय. पीआयके३सीए नावाच्या जनुकात शरीराच्या एका भागात बदल झाला की पेशी थांबायचं विसरतात. मानेवर, तोंडात लसिकेच्या गाठी येतात, कधी अख्खा पाय किंवा हात बेसुमार वाढतो. हाच बदल स्तनाच्या कर्करोगातही असतो आणि अल्पेलिसिब हे औषध मुळात त्यासाठी तयार केलं गेलं. २०१८ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी अशा अतिवाढीच्या १९ रुग्णांना ते दिलं आणि गाठी आक्रसल्या. २०२२ मध्ये अमेरिकेत या आजारांसाठी त्याला मान्यता मिळाली. सिरोलिमस हे जुनं औषधही पेशीला वाढायला सांगणाऱ्या त्याच संदेशांच्या साखळीवर, थोडं खाली, काम करतं, आणि लसिकेच्या गाठींसाठी आम्ही ते वापरतो. पण लक्षात घ्या, ही औषधं थांबत नसलेली वाढ थांबवतात. तुमच्या मुलीच्या पायात, निदान बरोबर असेल तर, वाहिन्या जादा नाहीत, कमी आहेत किंवा कमजोर आहेत. तिथे वाढ रोखणारं औषध देऊन काय साधणार?

वाहिन्या वाढवणारं औषध मग का नाही? प्रयत्न झाले. व्हीईजीएफ-सी चं जनुक विषाणूच्या पाठीवर बसवून, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजलेल्या बायकांना दिलं गेलं. सुरुवातीच्या आशेनंतर दुसऱ्या टप्प्यात ठाम फायदा दिसला नाही. ल्युकोट्रायीन हे दाह वाढवणारं द्रव्य अडवणारं एक औषध उंदरांच्या शेपटीत सुंदर चाललं आणि माणसांच्या चाचणीत पडलं. उंदराची शेपटी कापून तयार केलेली सूज आणि दहा वर्षं मुरलेला माणसाचा पाय, यांत फरक आहे. मुरलेल्या पायात नुसतं पाणी नसतं, चरबी आणि तंतू साठलेले असतात. नळी नवी दिली तरी ते कुठे जाणार?

याउलट, न शोधता सापडल्याचं एक उदाहरण. २००८ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो शहरात चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांची लाल गाठ असलेल्या बाळाच्या हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं आणि दुसऱ्याच दिवशी गाठ मऊ पडून तिचा रंग बदलला. आज बाळांच्या अशा गाठींचा तो पहिला इलाज आहे. वॉर्डात कुणीतरी नीट बघितलं म्हणून सापडला, कारणमीमांसा मागून आली. मुलाला हेही वाचायला द्या.

आणि त्याला या विषयात खरंच पुढे जायचं असेल तर लांब जायला नको. खारघरला टाटा स्मारकचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे, कुलाब्याच्या टीआयएफआर या टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत झेब्राफिशवर काम चालतं. त्याला एक प्रश्न देते, ज्याने मला कित्येक वर्षं छळलंय: आईवडिलांकडून आलेली जनुकं दोन्ही पायांतल्या पेशींत तीच असतात, तर सूज एकाच पायाला का?

तोपर्यंत पायाचं काय करायचं ते सांगते, कारण आज तुमच्या हातात तेच आहे. स्टॉकिंग मापाचं हवं, दुकानात मिळेल ते नव्हे. आधी काही आठवडे थरांच्या बँडेजने सूज उतरवायची, मगच माप घ्यायचं. फुगलेल्या पायाचं माप घेतलं तर पाय फुगलेलाच राहील. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचं, रात्री काढायचं. साधं क्रेप बँडेज त्याची जागा घेऊ शकत नाही. चालणं, सायकल, पोहणं सगळं चालतं. पोटरीचा स्नायू हाच तिचा पंप आहे, तेव्हा पी.टी.च्या तासाची सुट्टी मागू नका. आणि मुलगी मोजा घालायला कंटाळेल, वर्गात लपवेल. रागावू नका. एखाद्या लग्नाच्या दिवशी काढू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू.

सूक्ष्मदर्शकाखाली शीर आणि लसिकावाहिनी जोडायची शस्त्रक्रिया मीही करते. सूज लवकरच्या टप्प्यात असेल आणि चालू नळ्या सापडल्या तर काहींना उपयोग होतो. पण आधी सहा महिने मोजा नियमित वापरून, दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच जागी टेपने मापं घेऊन वहीत लिहिल्याशिवाय मी कुणाला टेबलवर घेत नाही.

जून आला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतील. सुजलेल्या पायात त्या भेगेतून जंतू शिरतात आणि एका रात्रीत पाय लालबुंद होतो, गावाकडे ज्याला धावरं म्हणतात ते. अशा प्रत्येक झटक्याने उरलेल्या नळ्यांतल्या काही कायमच्या बाद होतात. म्हणून पावसात शाळेचे ओले बूट-मोजे घरी आल्याआल्या काढायचे, बेचके कोरडे पुसायचे, पांढरं पडलेलं दिसलं की बुरशीचं मलम. साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही. थंडी वाजून ताप आला आणि पाय गरम, लाल झाला, तर मोजा काढा, पाय उंचावर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून अँटिबायोटिक सुरू करा. रविवार असला तरी.